वासाचा रकाना

ताईंनी नळीला नाक लावलं की आम्ही सगळे श्वास रोखून उभे राहायचो. ते सोयीचंही होतं, कारण त्या नळीतून येणारा वास मुद्दाम घ्यावा असा नसायचा.

नळी फर्मेंटरची. फर्मेंटर म्हणजे काचेचं उभं भांडं, तीन लिटरचं, वर स्टीलचं झाकण, झाकणात डझनभर भोकं आणि मधोमध ढवळणारा दांडा. त्यात आम्ही जिवाणू वाढवायचो. ते जिवाणू एक एंझाइम सोडतात, त्यानं कापडावरची खळ निघते, आणि ते एंझाइम आमची कंपनी गिरण्यांना विकते. जिवाणूंना अन्न, हवा आणि ऊब यंत्र देतं. चौथी गोष्ट लागते ती एकांत, आणि त्याची हमी कुठलंच यंत्र देत नाही. कुठून तरी एखादा परका जंतू आत शिरतो आणि बोलावलेल्या पाहुण्यांच्या आधी तोच ताट ओढून बसतो.

परका शिरला की नाही हे बघायचं काम माझं. भांड्यातला थेंब काचपट्टीवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, बघायचं आणि सांगायचं. यासाठी मी दोन पदव्या घेतल्या आहेत. पण मी सांगेपर्यंत ताईंनी सांगितलेलं असायचं. सकाळी सातला त्या हात पुसत यायच्या, वापरलेली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीपाशी वाकायच्या आणि एकदाच हुंगायच्या. मग "चांगलं आहे" किंवा "गेलं", एवढंच. त्यांनी "गेलं" म्हटलं आणि मला काही दिसलं नाही, तर साहेब मला म्हणायचे, "पुन्हा बघा." वीस वर्षांत हे अकरा वेळा झालं. अकराही वेळा पुन्हा बघितल्यावर सापडलं. त्यानंतर मी पदव्यांचा विषय काढणं सोडून दिलं.

ताई शाळेपुरत्या शिकलेल्या. कंपनीत लागल्या त्या बाटल्या धुवायला. सहा वर्षं त्यांनी बाटल्या धुतल्या, आणि एकदा धुता धुता म्हणाल्या की मोठ्या टाकीतला माल आंबलाय. तेव्हा कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी अख्खी टाकी गटारात सोडावी लागली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी ताईंना फर्मेंटरवर आणलं. मला त्या 'भिंगवाले' म्हणतात. माझं नाव त्यांना माहीत आहे, पण वापरायची वेळ आलेली नाही.

फर्मेंटरचं एक रजिस्टर असतं. वेळ, तापमान, आम्लता, दांड्याचे फेरे असे छापील रकाने. त्यांच्या शेवटी ताईंनी पट्टी धरून एक रकाना आखला होता: वास. त्यात त्या लिहायच्या, "उकडलेल्या बटाट्याची साल." किंवा, "साल, खाली ओली माती." किंवा नुसतं, "संशय." एकदा तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं, की हे मोजायचं प्रमाण कोणतं. साहेबांनी ताईंकडे बोट दाखवलं. साहेब नाकासमोर चालणारे गृहस्थ आहेत, त्यांनी ते विनोदानं केलं नव्हतं.

हे सगळं बरं चाललं होतं. मग त्या वर्षी जुन्या भांड्याच्या काठाचा कपचा उडाला. झाकणाखालचं रबर नीट बसेना आणि नवं भांडं घ्यायचं ठरलं, पाच लिटरचं. समिती नेमली गेली. समितीत साहेब, मी आणि ताई.

पहिलं दरपत्रक स्टीलच्या यंत्राचं आलं. साहेबांना ते फार आवडलं. दिसायला भारदस्त, आतल्या आत वाफेनं निर्जंतुक होणारं. पण त्याला वाफेची स्वतंत्र लाइन लागते आणि आमच्याकडे वाफ म्हणजे चहाच्या किटलीची. तेव्हा काचच घ्यायची हे ठरलं. काचेत दोन प्रकार उरले.

एक भांडं एकेरी काचेचं. त्याला ऊब द्यायला बाहेरून एक विजेचं जाड वेष्टण गुंडाळायचं. ताईंनी त्याला लगेच 'गोधडी' नाव ठेवलं. भांडं हलकं, सुटसुटीत, फुटलं तर बदलायला सोपं. गोधडीला पुढून वीतभर लांब आणि चार बोटं रुंद फट होती, तेवढ्यातूनच आतलं दिसायचं. दुसरं भांडं दुहेरी काचेचं. दोन भिंतींच्या मधून पाणी फिरतं, तेच गरम करतं, तेच थंड करतं. जड, महाग, उचलताना कंबर धरायची वेळ. पण चहूबाजूंनी स्वच्छ दिसणारं.

दोन्ही कंपन्यांनी भांडी पंधरा-पंधरा दिवस वापरून बघायला दिली. ताईंनी आधी टेप आणून दोन्हींची उंची झाकणासकट मोजली, मग आमच्या ऑटोक्लेव्हची आतून. दोन्ही मावत होती. ऑटोक्लेव्ह म्हणजे भांडी वाफेवर निर्जंतुक करायचा मोठा कुकर. दुहेरी भांडं त्यात ठेवताना मधल्या पाण्याची एक तोटी उघडी ठेवायची, नाहीतर वाफ कोंडून काच जाईल, हेही त्यांनी विक्रेत्याला सांगितलं. विक्रेता म्हणाला, हे माहितीपत्रकात पान आठवर आहे. ताई म्हणाल्या, पान आठपर्यंत कोण वाचतंय.

गोधडीची चाचणी सुरू असताना तिचा विक्रेता रोज यायचा. टाय लावलेला, अदबशीर माणूस. चौथ्या सकाळी साहेब मुख्य कचेरीत गेले होते. ताई नेहमीप्रमाणे वाकल्या, हुंगल्या आणि म्हणाल्या, "चांगलं आहे."

टायवाला घुटमळला. "ताई, थोडं आंबट येतंय का?"

विकायला आलेला माणूस आपल्याच यंत्रातली खोट काढतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आणि आंबट येत होतं. मला दारातून येत होतं. माझं नाक म्हणजे चष्मा अडकवायची खुंटी, तरी मला येत होतं.

ताईंनी भांड्याकडे पाहिलं. फटीतून आत पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं. मग म्हणाल्या, "ही गोधडी जरा सैल करता येईल का?"

"चालू असताना नाही. तापमान उतरेल."

"बरं," ताई म्हणाल्या. "मला सर्दी आहे."

मी थेंब घेतला. आमचे जिवाणू काड्यांसारखे दिसतात. भिंगाखाली काड्या थोड्या आणि मण्यांच्या माळाच माळा. दोष यंत्राचा नव्हता. जिवाणू आत सोडताना सुई टोचायच्या भोकावरचं रबर आमचंच जुनं होतं. मी नोंद करायला रजिस्टर उघडलं आणि सहज मागची पानं चाळली. वासाच्या रकान्यात लिहिलं होतं, "बारीक, हळू घसरतो." त्याआधी, "बारीक, पांढरा." त्याआधी, "कडं राहत नाही." मी मागे मागे जात राहिलो. बटाट्याची साल शेवटची सापडली ती चौदा महिन्यांपूर्वी. ही पानं मी रोज सही करून पुढे पाठवली होती. वासाच्या रकान्यात फेसाचं वर्णन चाललंय, हे दोन पदव्या घेतलेल्या माणसाच्या लक्षात आलं नव्हतं.

ताई धुण्याच्या खोलीत होत्या. मी दार लावलं.

"सर्दी कधीपासून आहे?"

त्यांनी नळ बंद केला. "चौदा महिने."

मग त्यांनी सांगितलं. आठ दिवस ताप आला होता. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. त्यांना स्वतःला ते कळलंच नाही. कळलं ते नणंदेला. नणंद लग्न न केलेली, शाळेतून निवृत्त झालेली, भावाकडे राहणारी, आणि वर्ग सुटला तरी मुलांना ओरडायची सवय न सुटलेली. दूध लागून भांडं काळं झालं तरी ताई शेजारी उभ्या राहून भाजी चिरत होत्या. नणंदबाई आतून ओरडत आल्या, "वहिनी, घर पेटवायचंय का?" ताई म्हणाल्या, "वन्सं, मला काही येतच नाही." नणंदबाईंनी त्यांच्या नाकाखाली चिरलेला कांदा धरला, मग साबण, मग स्वतःची केसांच्या तेलाची बाटली. शेवटी मटकन खाली बसल्या आणि रडल्या. चोवीस वर्षांत त्या वहिनीसाठी पहिल्यांदा रडल्या, असं ताई म्हणाल्या. डॉक्टरांनी येईल म्हटलं, मग कदाचित येईल म्हटलं, मग काही म्हणणं बंद केलं.

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय होणार? मला इथे नाकासाठी ठेवलंय, भिंगवाले. नाक गेलं म्हटल्यावर उरते ती बाटल्या धुणारी. मला बाटल्यांची लाज नाही. पण परत जायचं म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि एप्रनच्या खिशातून घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग काढलं. त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. "हे त्याचं जुनं. याच्यानं बघते. सगळं ठीक असलं की फेस बारीक असतो. काचेवरून सावकाश खाली येतो आणि मागे काही ठेवत नाही. परका शिरला की बुडबुडे वाढतात आणि काचेवर कडं राहतं. आधी दोन महिने नुसती बघत होते आणि तुमच्या काचपट्टीशी ताडून घेत होते. मग चुकणं बंद झालं."

त्या सकाळचं सोडलं तर खरंच चुकल्या नव्हत्या. त्या चौदा महिन्यांत तीनदा माल गेला आणि तिन्ही वेळा ताईंनी माझ्या आधी सांगितलं होतं. मला राग आला. त्यांनी लपवलं याचा नव्हता. वीस वर्षं मी नाकाकडून हरतोय अशी मनाची समजूत घातली होती. गेले चौदा महिने मी डोळ्यांकडून हरत होतो, आणि बघण्याचा पगार कंपनी मला देते.

"गोधडी आली तर मी आंधळी," ताई म्हणाल्या. "आज बघितलंत ना. दुहेरी काच यायला हवी. साहेबांना पटतील अशी कारणं तुम्ही काढा. खरं सोडून कुठलंही."

मी कारणं काढली. दोन रात्रींची झोप खर्च करून पाच पानं लिहिली. समितीच्या बैठकीत मी सांगितलं, की जिवाणू जोमात वाढतात तेव्हा स्वतःच गरम होतात, गोधडी फक्त ऊब देते, थंड करत नाही. साहेब म्हणाले, आत थंड पाण्याची नळी सोडता येते, पाच लिटरला पुरते. मी सांगितलं, गोधडीवर काही सांडलं तर ती खराब होईल. साहेब म्हणाले, सांडू नका. मी सांगितलं, आतलं दिसत नाही.

"दिसायचं काय त्यात?" साहेब म्हणाले. "ताईंचं नाक असताना आपल्याला बघायची गरज काय? भारी काच उचलून लोकांच्या कमरा मोडायच्या आणि कशासाठी, तर फेस बघायला. गोधडी घेऊ. सह्या करा."

त्यांनी कागद सरकवला. आधी ताईंकडे, कारण त्या जवळ बसल्या होत्या. ताईंनी पेन हातात घेतलं. माझ्या मनात आलं, की आता त्या सही करतील आणि आपण दोघं मिळून पुढची दोन-तीन वर्षं कशीतरी काढू. मी लपूनछपून आधी थेंब बघेन आणि त्यांना सांगेन. मला हे सगळं चालणार होतं. भित्र्या माणसाला चांगुलपणा फार लवकर सुचतो.

ताईंनी पेनाला टोपण लावलं.

"साहेब, माझं नाक गेलं. चौदा महिने झाले. मला काहीच येत नाही. मी फेस बघून सांगते."

साहेब हसले. "ताई, नम्रपणा पुरे."

"नम्रपणा नाही."

"परवाच तर तुम्ही सांगितलंत."

"बघून सांगितलं."

साहेबांचा विश्वास बसेना. शास्त्रज्ञ माणूस, त्यामुळे त्यांनी प्रयोग करायचं ठरवलं. गोधडीच्या चाचणीतला तो गेलेला माल मी एका फ्लास्कमध्ये ठेवला होता, तपासायला म्हणून, आणि विसरलो होतो. नऊ दिवस तो उबदार कोपऱ्यात होता. साहेबांनी तो आणायला लावला आणि मला बूच काढायला सांगितलं.

मी बूच काढलं.

त्या वासाचं वर्णन वासाच्या रकान्यात मावलं नसतं. साहेब खुर्ची ढकलून उठले आणि रुमाल शोधत बाहेर गेले. त्यांच्या मागोमाग मी. बूच माझ्या हातातच राहिलं होतं, हे मला व्हरांड्यात कळलं. बैठकीच्या खोलीच्या दाराला वर काच आहे. त्यातून आम्ही दोघं आत बघत होतो, डोळ्यांतून पाणी काढत.

ताई आत एकट्या बसल्या होत्या. समोर उघडा फ्लास्क. त्यांनी बोट जिभेला लावून माहितीपत्रकाचं पान उलटलं. पान आठवर आल्या असाव्यात, कारण तिथे थोडा वेळ थांबल्या आणि मान हलवली. मला हसू फुटलं. लगेच त्या हसण्याची इतकी लाज वाटली, की मी भिंतीकडे तोंड केलं. ज्या बाईला टाकीतला एक थेंब आंबलेला कळायचा, तिच्यासमोर ही घाण उघडी होती आणि ती आरामात वाचत होती. तिच्यासाठी त्या खोलीत काहीच घडलेलं नव्हतं.

मग त्यांनी वर पाहिलं. दाराच्या काचेत आमची तोंडं दिसली असतील. त्या उठल्या, टेबलावरचा कागद चुरगळून फ्लास्कच्या तोंडात घट्ट बसवला, खिडकी उघडली आणि आम्हाला हातानं खूण केली, की या आता. तो कागद माझ्या पाच पानांपैकी चौथा होता.

साहेब आत आले ते रजिस्टर मागवूनच. उभ्यानं चौदा महिने वाचले.

"हे सगळं वासाच्या रकान्यात का लिहिलंत?"

"रकाना रिकामा ठेवायचा धीर झाला नाही," ताई म्हणाल्या.

साहेबांनी रजिस्टर मिटलं. "दुहेरी काच घेऊ." मग थोडा विचार करून म्हणाले, "आणि हा रकाना बंद करू."

"रकाना असू दे. वास आहे म्हणजे आहेच. हुंगायला भिंगवाले आहेत."

अशा रीतीनं माझ्या नाकाची नेमणूक झाली. ताईंना कुणी बाटल्यांवर पाठवलं नाही. साहेबांनी फेसाचा एक नवा रकाना आखून दिला, स्वतःच्या हातानं, थोडा तिरका. पण बदल झालाच. पूर्वी पॅकिंगमधले लोक कुठलंही डबडं घेऊन ताईंकडे यायचे, ताई, हे बिघडलंय का बघा. कुणी नवं अत्तर घेतलं तरी पहिल्यांदा त्यांच्यासमोर मनगट धरायचं. ते थांबलं. लोकांनी ते भल्या मनानं थांबवलं, आणि ताईंना त्याचं फार वाईट वाटलं. तसं त्यांनी मला सांगितलं. घरी मात्र नणंदबाईंनी वासाचं खातं ताब्यात घेतलं होतं आणि त्या दिवसभर मोठ्यानं बातम्या देत होत्या, भाजी करपायच्याही आधी.

नवं भांडं आलं. आम्ही दोघांनी मिळून ते उचललं आणि दोघांनीही कंबर धरली. रोज सकाळी सातला ताई समोर तीन पावलांवर उभ्या राहायच्या आणि मी नळीला नाक लावायचो. त्यांनी मला शिकवलं. साल वेगळी आणि माती वेगळी, आधी वर काय येतं ते सांगा, मग तळाला काय उरतं. मी सांगायचो आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. रजिस्टर लिहून झालं तरी कधीकधी म्हणायच्या, "अजून थोडं सांगा." मी सांगायचो. मला जेवढं येत होतं त्याहून थोडं जास्तच सांगायचो.

तीन महिन्यांनी एका सकाळी मी वाकलो, हुंगलो आणि म्हणालो, "बटाट्याची साल. खाली थोडी माती."

ताई खिशातलं भिंग डोळ्याला लावून काचेजवळ गेल्या, आणि मागे वळल्या.

"भिंगवाले, कडं राहिलंय."

मी पाहिलं. काचेवर फेसाचं पिवळट कडं होतं, मलाही दिसेल इतकं.

"सर्दी आहे का?"

"थोडी."

"कधीपासून?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण समोर ताई होत्या. "परवापासून."

त्यांनी रजिस्टर उघडलं. परवाच्या ओळीत माझ्या अक्षरात 'साल' होती. कालच्या ओळीत 'साल, माती'. ताईंनी ते दोन्ही वाचलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि पेन पुढे केलं.

"खोडा ते. आणि तिन्ही दिवसांपुढे लिहा, माहीत नाही."

मी खोडलं. परवा, माहीत नाही. काल, माहीत नाही. आज, माहीत नाही. ताई माझ्या खांद्यावरून बघत होत्या, मी लिहून होईपर्यंत.

"एवढंच लिहायचं होतं," त्या म्हणाल्या. "मला चौदा महिने जमलं नाही."

मी नाक ओढलं, आणि ते सर्दीमुळे आहे असं आम्ही दोघंही धरून चाललो. मग ताईंनी हवेचा नळ बंद करायला घेतला आणि मी काचपट्टी घ्यायला गेलो.